खार नव्हे

उकंडराव मास्तरांना रस्त्यात खार दिसली की ते थांबत. नुसते थांबत नसत, तर छत्री काखेत मारून, मान वाकडी करून तिची पाठ नीट बघून घेत. पाठीवर पट्टे दिसले की "हायेत. जाय आता," असं म्हणून तिला जायची परवानगी देत आणि मग स्वतः शाळेकडे निघत. अमरावतीत तेव्हा कडुनिंबांना तोटा नव्हता आणि कडुनिंबांवर खारींना तोटा नव्हता, त्यामुळे अंबागेटापासून शाळेपर्यंतच्या वाटेत मास्तरांची बरीच तपासणी होई. पहिली घंटा त्यांना क्वचितच सापडे. हेडमास्तरांनी एकदा उशिराचं कारण विचारलं, तेव्हा मास्तरांनी होतं तेच सांगितलं. हेडमास्तरांना राग उशिराचा आला की कारणाचा, हे आम्हाला स्टाफरूममध्ये शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मी त्या शाळेत मराठी शिकवत असे आणि मास्तर ड्रॉइंग. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचे इन्स्पेक्टर नागपूरहून येत आणि आमचे हेडमास्तर पुण्याहून आले होते. इन्स्पेक्टर निदान परत जात. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, शाळेसाठी झिजत असे, पण मास्तर तोंड उघडून "मले" म्हणाले की त्यांच्या कपाळावर एक शीर उठे. शिक्षकानं शुद्ध बोलावं, असं ते मास्तरांना वारंवार सांगत. मास्तर शांतपणे ऐकून घेत आणि "बोलतो ना साहेब, मले काय येत नाही काय?" असं म्हणून निघून जात.

मास्तर अंगानं काटकुळे होते. नाक लांब आणि पुढे टोकदार झालेलं. त्या काळात शिपायापासून अध्यक्षांपर्यंत प्रत्येकाच्या ओठावर मिशा असताना मास्तरांचा ओठ मात्र गुळगुळीत. मिशा का ठेवत नाही म्हणून विचारलं तर म्हणत, "येतच नाही तं काय रंगवू?" त्यांचा सगळा स्वभाव या एका वाक्यात आला. जे नाही ते रंगवायचं नाही आणि जे आहे ते खोडायचं नाही. "हाये तेच म्हना" हे त्यांचं पालुपद होतं. दिवसातून इतक्यांदा ते हे म्हणत की पोरं मागून नक्कल करत, आणि ती नक्कल करताहेत हे मास्तरांना ठाऊक असे. त्यावरही ते म्हणत, "बराबर म्हनून राहिले."

स्नेहसंमेलनाच्या नाटकात राजाच्या सिंहासनामागे पडद्यावर सिंह हवा होता. मास्तर म्हणाले, मी सिंह पाहिलेला नाही. चित्रात पाहिला असेल, असं आम्ही म्हटलं. तर म्हणे, तो दुसऱ्या कोणी पाहिला असेल. शेवटी त्यांनी काढली एक म्हैस. पण अशी काढली की पडदा वर गेल्याबरोबर पहिल्या रांगेतली माणसं मागे सरकली. राजाची भूमिका करणारा मुलगा तिच्या नजरेखाली बसून आपली वाक्यं विसरला आणि टाळ्या म्हशीला पडल्या. संस्थेचे अध्यक्ष अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसचे मालक होते. त्यांचं तैलचित्र मास्तरांनी काढलं, ते नाकावरच्या चामखिळीसकट. चित्र परत आलं. मास्तरांनी ते आपल्या खोलीत टांगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चामखीळ किती चांगली साधली आहे ते दाखवत बसले.

लग्नाचंही असंच झालं. मध्यस्थ बैठकीत सांगत होता की मुलगा निर्व्यसनी आहे, घरचं बरं आहे. मास्तर मध्येच म्हणाले, "घर नाही, खोली हाये. तंबाखू खातो." मुलीच्या बापानं चहा पिऊन टोपी उचलली. मास्तरांना त्याचं काही वाटलं असेल, तर ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही.

त्यांच्या नावाची गोष्ट मी त्यांच्याकडूनच ऐकली. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून ते जन्मल्याबरोबर आईनं त्यांना सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर नेऊन ठेवायला लावलं. शेजारणीनं टाकलेलं पोर म्हणून उचलून आणलं आणि आईच्या ओटीत घातलं. असं पोर मरणाच्या नजरेत भरत नाही, अशी आपल्याकडची समजूत. नावही तसंच ठेवतात. वऱ्हाडात उकंडे काही कमी नाहीत. पुढे हे पोर रांगायला लागलं तोवर आईच गेली, बाप त्याच्या आधी गेलेला. वलगावला काकांचा भाजीचा मळा होता, तिथे वांग्या-मिरच्यांच्या टोपल्यांशेजारी ते वाढले. काकांनी उपाशी ठेवलं नाही, मारलंही नाही. मास्तर हे सगळं हसत सांगत आणि शेवटी म्हणत, "मायनं नाव असं ठेवलं का यमानं मले हात लावू नये. यमानं नाही लावला. मंग कोनीच नाही लावला." इथे ते स्वतःच मोठ्यांदा हसत, म्हणून आम्हीही हसत असू.

आता खारीकडे येतो. खारीच्या पाठीवरचे पट्टे म्हणजे रामाची बोटं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सेतू बांधताना तिनं वाळू वाहिली आणि रामानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. एका वर्षी रामनवमीसाठी मास्तरांना हाच देखावा काढायचा होता. जंगलातली खार बघून काढू, म्हणून ते सुटीत चिखलदऱ्याला गेले. परतवाड्यापर्यंत मोटारीनं आणि पुढे घाट चढून. तिथे एका नाल्याच्या काठी त्यांना खार दिसली आणि तिच्या पाठीवर पट्टे नव्हते.

दुसरा कोणी असता तर चित्रात पट्टे घालून मोकळा झाला असता. मास्तर देखावा विसरले. दर सुटीत मेळघाट धरू लागले. पहिली सुटी तर त्यांनी झाडांकडे बघण्यात घालवली. खारीसारखं जनावर म्हणजे झाडावरच असणार, या हिशेबानं ते सकाळपासून मान वर करून बसत. असं बसून बसून मान धरली. शेवटी मोहाची फुलं वेचायला आलेली एक कोरकू म्हातारी त्यांच्याकडे बघून खूप हसली आणि तिनं हनुवटीनं खाली दाखवलं. ते जनावर मास्तरांच्या वहाणेपासून वीतभर अंतरावर पाचोळ्यात नाक खुपसून किडे शोधत होतं. मास्तरांनी म्हातारीला त्याचं नाव विचारलं. तिनं सांगितलंही. पण ते तिनं या जनावराचं सांगितलं की खारीचं, की मास्तरांचंच काही नाव ठेवलं, याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून ते त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

पुढे मात्र त्यांनी त्याचा पिच्छाच पुरवला. शाळा उघडली की मधल्या सुटीत आम्हाला ऐकावं लागे. तोंड खारीपेक्षा लांब आणि चोचीसारखं पुढे आलेलं. मिशा जवळजवळ नाहीतच. कान मोठे. अंग भुरकट, खांद्यावर तेवढी एक फिकी रेघ. शेपूट अंगाएवढंच. खार पुढच्या दोन दातांनी कुरतडते, याला तसे दातच नाहीत, बारीक टोकदार आहेत. नाकतोडा दोन्ही हातांत धरून खातं. दगडधोंड्यांच्या नाल्यात, काटेरी झुडपांत राहतं, दिवसा हिंडतं. म्हणजे खार नाही. चिचुंद्री म्हणावी तर वास नाही, आणि चिचुंद्रीला असं शेपूट कुठलं? आमच्या संस्कृतच्या शास्त्र्यांनी एकदा कंटाळून विचारलं, मग आहे तरी कोण? मास्तर म्हणाले, "मले ठाऊक नाही. पन कोनी तरी हाये ना थे."

अशात शाळेला एक काचेचं कपाट मिळालं. जंगल खात्यातून पेन्शनीत निघालेले एक साहेब विलायतेला परत जाताना आपले पेंढा भरलेले प्राणी शाळेला देऊन गेले. एक साळिंदर, एक घुबड, ज्याचे दोन डोळे दोन रंगांचे होते असं एक मुंगूस, आणि कोपऱ्यात लाकडाच्या फळीवर उभं केलेलं मास्तरांचं ते जनावर. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर "खार" असं लिहिलेलं होतं.

हेडमास्तरांना कपाटाचा फार आनंद झाला. अमरावतीत असं कपाट कुठल्याच शाळेत नव्हतं. अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. पण एक अडचण होती. जो तो ती खार बघून विचारी, हिचे पट्टे कुठे आहेत? मुलं विचारत, पालक विचारत, आणि शाळेच्या शिपायानं तर साहेबानं जुनी, झिजलेली खार गळ्यात मारली असं गावभर केलं. हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावलं. पाट्या लिहायच्या होत्या, आणि मास्तरांसारखं वळणदार अक्षर गावात दुसरं नव्हतं. पाट्यांचं सांगून झाल्यावर हेडमास्तर सहज म्हणाले, आणि त्या खारीच्या पाठीवर तीन पट्टे ओढून टाका, तुमच्या हातचं काम आहे.

मास्तर नाही म्हणाले. हेडमास्तरांना वाटलं, रंग नसेल. रंगाचे पैसे शाळा देईल, असं ते म्हणाले. मास्तर पुन्हा नाही म्हणाले. स्टाफरूममध्ये आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मी इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "भाऊ," ते मला म्हणाले, "रामानं ज्याच्या पाठीवर हात फिरवला नाही, त्याच्या पाठीवर मी बोटं काढू? कोनाले फसवून राहिलो आपन? रामाले, का त्याले?"

मला हसू आलं, आणि लगेच ते ओसरलंही. तीन रेघांनी कोणाचं काय बिघडणार होतं? पोरं खूश, अध्यक्ष खूश, हेडमास्तर खूश. पण मास्तर समोर उभे होते आणि त्यांच्याकडे बघून मला असं म्हणवेना.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ते पाटीचा मजकूर घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, मराठी तपासून द्या. मजकूर असा होता:

"हा प्राणी कोण, हे आम्हांस ठाऊक नाही. खार नव्हे. मेळघाटात दगडधोंड्यांच्या नाल्यांत राहतो. दिवसा जमिनीवर हिंडतो. किडे खातो."

मराठी चोख होतं. मी एवढंच सुचवलं की "आम्हांस"च्या जागी "मला" लिहा, शाळेला कशाला ओढता? मास्तरांनी विचारलं, "शाळेले ठाऊक हाये?" मी म्हटलं, नाही. "तुमाले?" मलाही नव्हतं. "मंग आमांसच झालं ना." मी मजकुरावर "तपासले" असं लिहून सही केली, आणि ती सही केल्याचं मला आजही बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी गुलाबी झालर लावलेला पडदा सरकला. साळिंदराला टाळ्या मिळाल्या, घुबडाला मिळाल्या. अध्यक्ष कोपऱ्यातल्या जनावरापाशी आले आणि पाटी वाचायला वाकले. मोत्यासारखं अक्षर, दुरूनही वाचता येत होतं. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं. मग मागे उभ्या असलेल्या मास्तरांकडे वळून बघितलं, आणि त्यांचा हात आपोआप नाकावरच्या चामखिळीकडे गेला. "आम्हाला ठाऊक नाही, असं पाटी लावून सांगणारी ही पहिलीच शाळा पाहतो मी," असं ते हेडमास्तरांना म्हणाले. बोलले हळूच, पण ऐकू सगळ्यांना गेलं. हेडमास्तरांनी त्या दिवशी पेढा खाल्ला नाही.

सोमवारी मास्तरांना बोलावणं आलं. पाटीच्या मजकुरावर माझी सही होती म्हणून मलाही. हेडमास्तरांनी मला दोन शब्दांत आटोपलं. मग मास्तरांना म्हणाले, आजच्या आज पट्टे काढा, पाटीवर खार असं लिहा, अध्यक्षांची क्षमा मागा. नाहीतर राजीनामा द्या. मला वाटतं त्यांनाही हे नको होतं, पण अध्यक्षांचं ते वाक्य त्यांच्या कानांतून जात नव्हतं.

मास्तर म्हणाले, "राजीनामा देतो. पन एक कबूल करा, साहेब. पाटी राहू द्या. अन् त्याच्या पाठीले कोनाचा ब्रश लागू देऊ नका."

हेडमास्तर खुर्चीत मागे टेकले. "अहो, एवढ्याशा जनावरासाठी नोकरी सोडता? ते मेलेलं आहे."

"साहेब, शाळेत नाव घालताना मले गुर्जी म्हने, उकंडा काय लिहायचं, उत्तम लिहू. चांगलाच मानूस होता. पन मी म्हनलो, नाही. मायनं मले काही तरी पाहूनच नाव ठेवलं असंन. तिचं एवढंच माह्याजोळ हाये." मास्तरांनी कपाटाच्या दिशेनं बोट केलं. "याचं तं तेवढंबी नाही. नाव नाही. उगा दुसऱ्याचं चिकटवू नका."

हेडमास्तरांनी दौतीचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. मग म्हणाले, "पाटी राहील." पुण्याचा माणूस होता, पण शब्दाचा पक्का. त्यांच्या कारकिर्दीत ती पाटी हलली नाही. त्यांच्यानंतर आलेल्यांना ती काढायची हुक्की आली तेव्हा मी आडवा पडलो. मीही तोवर म्हातारा आणि तिरसट झालो होतो आणि माझ्या नादी लागायला लोक भीत.

मास्तर अकोल्याला गेले. तिथे पाट्या रंगवण्याचं दुकान काढलं. जिनिंग-प्रेसच्या, सोडावॉटरच्या, वकिलांच्या पाट्या. धंदा बेताचाच चाले, कारण सवय सुटली नव्हती. "शुद्ध तुपाची मिठाई" लिहायच्या आधी ते तूप हुंगायला मागत, आणि एका वैद्याला तर त्यांनी विचारलं की सुप्रसिद्ध कोणत्या गावात? ज्यांना चालायचं ते मात्र त्यांच्याचकडून पाटी करून घेत. अकोल्यात म्हणत, ही पाटी उकंडरावांची आहे, म्हणजे आत तूप आहे.

काही वर्षांनी मी एका लग्नासाठी अकोल्याला गेलो, तेव्हा दुकान शोधत गेलो. मास्तर एका स्टुलावर बसून फळ्यावर अक्षरं भरत होते. केस पांढरे, नाक आणखी लांब. माझ्याकडे न बघता म्हणाले, "या भाऊ, बसा. ओला हाये, टेकू नका." अध्यक्षांचं तैलचित्र मागे टांगलेलं होतंच.

मी त्यांच्यासाठी एक बातमी नेली होती. कॉलेजातले एक प्रोफेसर शाळेत आले होते, आणि कपाट बघून ते उडालेच. त्यांनी सांगितलं की हे खार नाही हे अगदी खरं, याचं कुळच वेगळं. झाडचिचुंद्री म्हणावं असं ते म्हणाले. मला वाटलं मास्तर खूश होतील. त्यांनी ब्रश थांबवला, विचार केला आणि म्हणाले, "झाडावर राहत नाही. चिचुंद्री नाही. दोन शब्द, दोन्ही खोटे. तुमी पाटी बदलली तं नाही?" मी म्हटलं, नाही. तेव्हा ब्रश पुन्हा चालू झाला.

"आणि एक," मी म्हटलं. "कपाटाची काच फुटली. पोरांचा चेंडू लागला. नवी बसवलीच नाही कोणी." मास्तरांनी मान वर केली. मी सांगत राहिलो. ती पाटी वाचून पोरं तिथेच रेंगाळतात. साळिंदराकडे कोणी बघत नाही. ज्याला कोणी ओळखत नाही ते हे जनावर, म्हणून येता-जाता प्रत्येक पोर त्याच्या पाठीवरून हात फिरवतं. परीक्षेच्या दिवशी तर रांग लागते. आता तर पाठीवरची लव झिजली आहे, बोटांनी, लांबच लांब.

मास्तरांनी विचारलं, "कोनत्या बाजूनं फिरवतात? शेपटाकडे का उलटा?"

"शेपटाकडे."

"मंग ठीक हाये. उलटा फिरवला का दुखते." ते पुन्हा फळ्याकडे वळले. "झिजली म्हनता. पट्टे झाले म्हना." हातात ब्रश होता, पण अक्षर पुढे सरकत नव्हतं. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, सदऱ्यातून हाडं वर आलेली, आणि ती हलत होती.

मी उठलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या वर्षांच्या ओळखीत कधी ठेवला नव्हता. मास्तर एकदम ताठ झाले.

"काहून भाऊ," ते वळून न बघता म्हणाले, "माह्या पाठीवर पट्टे काढता काय?"

पण बाजूला सरकले नाहीत.